हवेवरचा आळ

२०१६ सालच्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ब्रिटनमधील आणि युरोपातील आणखी काही देशांतील पुष्कळ घरांतून एकच तक्रार एकाच सुमारास उद्भवली. राउटरवरचे दिवे नेहमीप्रमाणे लुकलुकत होते आणि घरातले मोबाईल त्याच राउटरवरून बिनबोभाट चालत होते. परंतु ज्या संगणकावर विंडोज १० ही प्रणाली होती, त्याला मात्र बाहेरच्या जगाचा रस्ता सापडेनासा झाला होता. लोकांनी साहजिकच इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना फैलावर घेतले, आणि बखेडा आमच्या जाळ्यात नसून तुमच्या संगणकात आहे, असा खुलासा करण्याची पाळी त्या कंपन्यांवर आली. असे खुलासे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत ग्राहक सहसा नसतो. पण या खेपेस खुलासा खरा होता.

घरातला राउटर आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक यंत्राला काही मुदतीपुरता एक अंकात्मक पत्ता बहाल करतो. यंत्राने हाक द्यावी, राउटरने पत्ता देऊ करावा, यंत्राने तो रीतसर मागावा आणि राउटरने त्यावर शिक्कामोर्तब करावे, असा हा चार पायऱ्यांचा शिरस्ता असून तो डीएचसीपी या नावाने ओळखला जातो. १९९७ साली त्याचा जो मसुदा ठरला, त्याच्याच आधाराने आपली बहुतेक घरे आजही चालतात. पत्ता मिळाला नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने आरंभ होणारा एक काम चालविण्यापुरता पत्ता धारण करते. त्या पत्त्यावर शेजारच्या यंत्राशी बोलता येते, पण घराचा उंबरठा ओलांडता येत नाही. डिसेंबरातल्या त्या घरांत नेमके हेच घडले होते, आणि त्याचे कारण १३ तारखेला निघालेल्या दुरुस्तीच्या टिपणात मायक्रोसॉफ्टने नमूद केले : संगणकाला भोवतालच्या इतर उपकरणांशी सांधणारी ‘सीडीपीएसव्हीसी’ नावाची एक सेवा कोसळत होती, आणि ती कोसळली म्हणजे काही प्रसंगी यंत्राला पत्ताच मिळू शकत नव्हता. पत्ते मिळविणे हे त्या सेवेचे कामच नव्हते. तरीही तिच्या पतनाने भलत्याच ठिकाणचा व्यवहार खोळंबला.

दुरुस्ती निघाली खरी, पण ती उतरवून घ्यायची कोणत्या मार्गाने? तोपर्यंत कंपनीने दिलेली ताकीद वरवर पाहता थट्टेची वाटावी अशी होती : संगणक ‘शट डाउन’ करू नका, ‘रीस्टार्ट’ करा. वस्तुतः तीत मोठे मर्म आहे. विंडोज ८ पासून संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून अशी योजना केलेली आहे की, बंद करताना प्रणालीच्या गाभ्याची त्या क्षणीची अवस्था डिस्कवर जशीच्या तशी लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलली जाते. म्हणजे बंद करून सुरू केलेला संगणक हा पुष्कळ अंशी कालचाच संगणक असतो, कालच्या दोषासकट. रीस्टार्ट केल्यावरच तो कोऱ्या पाटीने आरंभ करतो. ज्यांनी रात्री संगणक शिस्तीने बंद केला, त्यांचाच दोष सकाळपर्यंत टिकून राहिला.

अपडेटनंतर वायफाय गेले म्हणजे बहुतेकांचा पहिला संशय हवेवर, राउटरवर किंवा इंटरनेटवाल्यावर जातो, हे मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका अरुंद गाळ्यात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या कारागिराजवळ बसून पुष्कळदा ऐकले. हा रस्ता आता कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग असला, तरी सुटे भाग विकणारे आणि विकत घेणारे त्याला जुन्याच नावाने ओळखतात. एक निवृत्त गृहस्थ लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून आले आणि बसायच्या आतच म्हणाले, “काल रात्रीपर्यंत व्यवस्थित होतं हो. रात्री काहीतरी अपडेट झालं आणि सकाळपासून वायफाय बंद. केबलवाल्याला तीनदा फोन केला, तो म्हणतो आमच्याकडून सगळं ठीक आहे.”

कारागिराने लॅपटॉप उघडण्यापूर्वीच विचारले, “काका, वायफायचं चिन्हच गायब झालंय, की चिन्ह आहे पण नावं दिसत नाहीत?”

“नावं दिसतात. शेजाऱ्यांची सगळी दिसतात. आमचंच दिसत नाही.”

“आणि मोबाईलवर?”

“मोबाईलवर दिसतं की!”

या दोन प्रश्नांत निदानाचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे. संगणकावरून निघालेली मागणी राउटरपर्यंत एका उडीत जात नाही. ती प्रणालीच्या जाळेविषयक सेवेकडे जाते, तेथून ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरकडून वायफाय कार्डाच्या आतल्या फर्मवेअरकडे, आणि मगच रेडिओलहरींच्या रूपाने बाहेर पडते. मामलेदार कचेरीत दिलेला अर्ज जसा या टेबलावरून त्या टेबलावर सरकत जातो आणि कोणत्याही एका टेबलावर अडला तरी दाराशी उभ्या असलेल्या अर्जदाराला ‘काम झाले नाही’ एवढेच कळते, तसाच हा प्रकार. अपडेट म्हणजे या कचेरीतली रातोरात झालेली एखादी बदली होय. नवा कारकून कदाचित अधिक हुशारही असेल. पण आधीच्याने शेजारच्या टेबलाशी जी तोंडी समजूत करून ठेवली होती, तिचा पत्ता याला नसतो. चिन्हच नाहीसे झाले असेल तर ड्रायव्हर किंवा कार्ड यांकडे बोट जाते. कार्ड जागे आहे पण एकही नाव दिसत नाही, तर रेडिओ कोणीतरी बंद केला आहे असे समजावे. नाव दिसते पण जोडणी जुळत नाही, तर परवलीच्या शब्दाच्या आणि सुरक्षेच्या वाटाघाटी फिसकटल्या आहेत. आणि जुळूनही इंटरनेट नाही, तर डिसेंबर २०१६ चा प्रसंग आठवावा. अपडेट करणारी प्रणाली मात्र या चारही अवस्थांना एकाच वाक्यात गुंडाळते, ही तिची खरी असभ्यता आहे.

त्या गृहस्थांचे प्रकरण यांपैकी कोणत्याच कप्प्यात सरळ बसत नव्हते. शेजाऱ्यांची नावे दिसावीत आणि स्वतःचे दिसू नये, हा हवेच्या कायदेशीर विभागणीचा प्रश्न असतो. वायफायला मिळालेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ असे चॅनल आखलेले आहेत; अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतचेच वापरले जातात, भारतात आणि युरोपात १३ पर्यंत मुभा आहे. आपल्याकडे हा पट्टा २००५ साली परवान्याच्या जाचातून मुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांची व्यापक मोकळीक २०१८ च्या ऑक्टोबरात मिळाली. संगणकाला आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक असावे लागते, आणि ठाऊक नसेल तर तो सावधपणे सर्वांत कडक नियम पाळतो. इंटेलची बरीच कार्डे तर आसपासचे राउटर कोणत्या देशाचे नाव पुकारतात ते ऐकून आपला देश ठरवितात. शेजारच्या एखाद्या राउटरने चुकीचा देश पुकारला, तर गिरगावातला लॅपटॉप स्वतःला अमेरिकेत समजू शकतो. काकांच्या मोबाईलवर पाहिले, तर त्यांच्या राउटरने स्वतःहून १३ वा चॅनल पसंत केलेला आढळला, आणि नव्या ड्रायव्हरला त्या चॅनलकडे कान देण्याची परवानगी आहे असे वाटत नव्हते. “घरी गेल्यावर राउटरमध्ये ऑटो काढा आणि चॅनल ६ वर कायम करा,” एवढे सांगून कारागिराने पैसे घ्यायचे नाकारले, आणि काकांना ते फारसे रुचले नाही. एवढी पायपीट केल्यावर काहीतरी बिघडलेले निघावे, अशी माणसाची स्वाभाविक अपेक्षा असते.

हवा आरोपी ठरावी असे हे क्वचित घडणारे उदाहरण. आणि येथेही दोष हवेचा नव्हता, हवेविषयीच्या समजुतीचा होता.

ज्याला या बखेड्याचे मूळ पाहायचे आहे, त्याने विंडोजपेक्षा लिनक्सकडे पाहावे, कारण तेथले तंटे उघड्यावर होतात आणि त्यांची कागदपत्रे कोणालाही वाचता येतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणारे लिनस टॉरवाल्ड्स यांचा एक नियम प्रसिद्ध आहे : कर्नलच्या नव्या आवृत्तीमुळे वापरकर्त्याचा चालू असलेला कार्यक्रम कधीही मोडता कामा नये, आणि मोडला तर दोष कर्नलचा. हे वचन ते कमालीच्या कठोरपणाने पाळतात. परंतु ते वर बसलेल्या कार्यक्रमांना दिलेले आहे. कर्नलच्या अंगाला अंग लावून काम करणाऱ्या ड्रायव्हरांना तसले कोणतेही वचन नाही, आणि ते का नाही याचे सविस्तर समर्थन ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेल्या एका टिपणात कर्नलच्या दस्तऐवजांतच समाविष्ट आहे. त्याचा आशय असा की, तुम्हांला स्थिर अंतर्गत करार हवा आहे असे तुम्हांला वाटते, पण तुम्हांला खरोखर हवा असतो तो स्थिरपणे चालणारा ड्रायव्हर, आणि तो मिळण्याचा मार्ग म्हणजे आपला ड्रायव्हर खुल्या रूपात कर्नलच्या स्वाधीन करणे. मग आम्ही आतले काही बदलले, तर तुमच्या ड्रायव्हरातही आम्हीच बदल करू. युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. तथापि त्याची किंमत कंपनीही देत नाही आणि कर्नलकारही देत नाहीत. ती देतो तो लॅपटॉपचा मालक, ज्याला या वादात कोणी पक्षकार म्हणून बोलावलेलेच नसते.

ब्रॉडकॉम या कंपनीच्या वायफाय चिपांची कथा या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. अॅपलच्या आणि इतरही अनेक लॅपटॉपांत या चिपा असत, आणि लिनक्ससाठी त्यांचा ड्रायव्हर किंवा त्यांची माहिती द्यायला कंपनी कित्येक वर्षे राजी नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी एक नामी तजवीज केली. एका गटाने कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचे केवळ वर्णन लिहायचे, आणि मूळ ड्रायव्हर डोळ्यांनीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचायचा, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप कोणालाही ठेवता येऊ नये. अशा सोवळ्यातून सिद्ध झालेला ड्रायव्हर २००६ सालच्या जूनमध्ये कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला, आणि त्याचा सुधारलेला वारस ‘बी४३’ हा २००८ च्या जानेवारीत आला. ड्रायव्हर झाला, पण कार्ड जागे होताना त्यात जे फर्मवेअर भरावे लागते त्याचे हक्क कंपनीकडे होते आणि ते वाटण्याची मुभा या मंडळींना नव्हती. म्हणून त्यांनी एक कातरयंत्र लिहिले : कंपनीचा ड्रायव्हर वापरकर्त्याने स्वतः आणावा आणि त्याच्या पोटातून फर्मवेअर स्वतः कापून काढावे. तो ड्रायव्हर आणायला इंटरनेट लागे. वायफाय चालू करण्यासाठी वायफाय लागावे, या चक्राला त्या काळच्या कित्येक लिनक्सप्रेमींनी शेजाऱ्याच्या केबलीच्या आश्रयाने छेद दिला.

पुढे कंपनीने स्वतःचाही एक ड्रायव्हर दिला. ‘डब्ल्यूएल’ हे त्याचे नाव. त्याचा मुख्य भाग सीलबंद, आणि तो कर्नलशी सांधणारा पातळ भाग तेवढा उघडा. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर हा सांधा नव्याने घडवावा लागतो, आणि ते काम आपोआप करणारी डीकेएमएस नावाची सोय डेल कंपनीच्या अभियंत्यांनी निर्माण केलेली आहे. आता समजा, नव्या कर्नलमध्ये आतले एखादे कार्य बदलले, किंवा त्याचे नाव तेवढे निराळे झाले. सांधा घडत नाही. त्याचा निषेध एका नोंदवहीत लिहिला जातो, जी कोणी उघडत नाही. अपडेट ‘यशस्वी’ झाल्याचा निर्वाळा पडद्यावर येतो. संगणक पुन्हा सुरू होतो, आणि वायफायचे चिन्ह नाहीसे झालेले असते. कधी सांधा सुरेख घडतो, पण ‘सिक्युअर बूट’ हा सुरक्षेचा पहारेकरी त्यावर अधिकृत सही नाही म्हणून त्याला दारातच अडवितो. मालकाच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे. इलाज मात्र सर्वस्वी भिन्न. पहिल्यात सांध्याची नवी आवृत्ती मिळवावी लागते, दुसऱ्यात पुन्हा सुरू करताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर आपली किल्ली नोंदवून मान्यता द्यावी लागते.

अशा वेळी सर्वांत निर्णायक प्रयोग सर्वांत सोपा असतो, आणि तोच लोक करीत नाहीत. उबुंटूसारख्या लिनक्स-वितरणांत जुना कर्नल लगेच पुसला जात नाही. सुरुवातीच्या यादीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ खाली तो जिवंत असतो. तो निवडून संगणक सुरू करावा. वायफाय परत आले, तर कार्ड, राउटर, केबलवाला आणि हवा हे सगळे एका फटक्यात निर्दोष सुटतात. विंडोजमध्ये याच्या जागी ‘डिव्हाइस मॅनेजर’ मधून जुन्या ड्रायव्हरकडे परतण्याची सोय आहे, पण आधीचा ड्रायव्हर जपून ठेवलेला असेल तरच तिचे बटण दाबता येते. आणि मोठा अपडेट समूळ मागे घेण्याची मुदत, जी आरंभी ३० दिवसांची होती, ती २०१६ पासून १० दिवसांवर आणलेली आहे. मुदत कमी करण्यामागचा डिस्कवरची जागा वाचविण्याचा हेतू समजू शकतो, परंतु गावाला गेलेला माणूस १० दिवसांत परततोच असे नाही.

ब्रॉडकॉमने २०१० च्या सप्टेंबरात आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला, आणि डेबियन या वितरणाने दीर्घकाळच्या तात्त्विक आग्रहाला मुरड घालून २०२२ च्या मतदानानंतर बंदिस्त फर्मवेअरही आपल्या अधिकृत संचात समाविष्ट केले. २०२३ च्या जूनमधील १२ व्या आवृत्तीपासून स्थापनेच्या वेळी ‘फर्मवेअर आणा’ म्हणून यंत्र अडून बसत नाही. तत्त्वनिष्ठांना याचे दुःख झाले. मी त्यांच्या दुःखाचा आदर करतो, पण मत देता आले असते तर दुसऱ्या बाजूने दिले असते.

इतर प्रकार थोडक्यात आटोपता येतील. काही लेनोवो लॅपटॉपांवर रेडिओ बंद करणारा कळदांडाच नव्हता, आणि लिनक्समधला त्या लॅपटॉपांसाठीचा ड्रायव्हर मात्र तो बंद आहे असे समजून वायफायला ‘हार्ड ब्लॉक’ घालून बसे. ज्या नमुन्यांना कळ नाही त्यांची यादी कर्नलमध्ये वर्षानुवर्षे लांबत गेली. अॅपलने २०१४ च्या ऑक्टोबरात मॅकसाठी योसेमिटी ही प्रणाली आणताना जाळ्यावरची नावे हुडकणारी जुनी सेवा काढून तिच्या जागी ‘डिस्कव्हरीडी’ नावाची नवी बसविली. जोडण्या रेंगाळू लागल्या, आणि एकाच संगणकाच्या नावापुढे कंसात दोन, तीन असे आकडे लागून त्याचे भाऊबंद निर्माण होऊ लागले. २०१५ च्या जूनअखेर १०.१०.४ या आवृत्तीत अॅपलने मुकाट्याने जुन्या सेवेला परत बोलावले. याउलट हेतू निःसंशय चांगला असूनही उपद्रव झाल्याचे उदाहरण म्हणजे आयओएस १४ : २०२० पासून आयफोन प्रत्येक वायफायला आपला खरा हार्डवेअर-पत्ता न सांगता एक बनावट पत्ता सांगू लागला, जेणेकरून माणसाचा माग काढता येऊ नये, पण ज्या वसतिगृहांत आणि कचेऱ्यांत नोंदलेल्या पत्त्यांनाच प्रवेश होता, तेथे कालचा ओळखीचा विद्यार्थी आज परका ठरला.

मग अपडेट करूच नये, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. लॅमिंग्टन रोडवर तर काही गिऱ्हाईक खास अपडेट ‘कायमचे बंद’ करून घ्यायला येतात. त्यांना २०१७ चा ऑक्टोबर सांगावा. बेल्जियममधील लुव्हेनच्या विद्यापीठातले मॅथी व्हॅनहूफ यांनी त्या महिन्याच्या १६ तारखेला प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले की, जगभरचे वायफाय ज्या डब्ल्यूपीए२ या संरक्षणावर विसंबून होते, त्याच्या हस्तांदोलनातच खोट आहे. हल्लेखोराने एक संदेश पुन्हा पुन्हा खेळविला तर यंत्र वापरलेली किल्ली पुन्हा वापरते, आणि लिनक्स व अँड्रॉइडच्या काही आवृत्त्यांत तर ती किल्ली सगळी शून्यांची होऊन बसते. परवलीचा शब्द बदलून काही उपयोग नव्हता. इलाज एकच होता, आणि तो अपडेट होता. त्या महिन्यात ज्यांनी नव्यापेक्षा जुने बरे म्हटले, त्यांचे वायफाय उत्तम चालत राहिले आणि शेजारच्याला वाचताही येत राहिले.

कारागिराच्या हाताशी अपडेटपेक्षा अधिक विश्वासाच्या दोन वस्तू असतात. एक लॅनची केबल, आणि दुसरी मोबाईलची साधी यूएसबी केबल. मोबाईल तिने संगणकाला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले की संगणक त्याला बहुधा तारेचेच जाळे समजतो, वायफायच्या ड्रायव्हराची गरज उरत नाही, आणि हरवलेला ड्रायव्हर उतरवून घेता येतो. पातळ लॅपटॉपांतून लॅनची खोबण नाहीशी होत चालली आहे, त्यामुळे हा दुसरा मार्ग बहुतेकांना लवकरच एकमेव उरेल. तिसरा उपाय ऐकायला अंधश्रद्धेसारखा वाटतो : संगणक बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे. वायफाय कार्डाला संगणक बंद असतानाही थोडी वीज मिळत राहते आणि अर्धवट भरलेले फर्मवेअर त्यात अडकून बसू शकते. वीज पूर्ण तुटली की तेही उतरते. म्हणजे एका दोषाला रीस्टार्ट हवा, शट डाउन चालत नाही. दुसऱ्याला रीस्टार्ट पुरत नाही, वीजच तोडावी लागते.

२०२३ च्या डिसेंबरातील विंडोज ११ च्या अपडेटने पुन्हा एकदा वायफायचा घोळ केला, आणि या वेळी त्याचा रोख विद्यापीठे, कचेऱ्या आणि सार्वजनिक ठिकाणे यांच्याकडे होता. जेथे प्रत्येकाच्या नावानिशी ८०२.१एक्स या पद्धतीने ओळख पटविली जाते, तेथली यंत्रे अडखळू लागली, आणि घरच्या वायफायवर ही बाधा संभवत नाही, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. सात वर्षांपूर्वीच्या प्रसंगापासून कंपनीने एक गोष्ट निश्चित शिकून घेतली होती. आता नवा अपडेट तयार होण्याची वाट न पाहता, चुकलेला तेवढाच बदल दुरून निष्क्रिय करण्याची सोय तिच्याकडे होती, आणि काही दिवसांतच तिने ती वापरली. निष्क्रियतेचा तो हुकूमही संगणकापर्यंत इंटरनेटवरूनच यायचा होता. विद्यार्थ्याने लॅपटॉप घरी नेऊन आईवडिलांच्या वायफायला लावला, तो हुकूम उतरू दिला आणि एकदा रीस्टार्ट केले, म्हणजे सोमवारी विद्यापीठाचे वायफाय त्याला पुन्हा ओळखू लागत असे.